फोनवरच्या चौकटी

माझे सासरे पनवेलच्या खाडीत मासेमारी करायचे. लहानशी होडी, पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं आणि जेवणाचा डबा, एवढंच सामान. मी त्यांना मामा म्हणायची. त्यांना वाचता येत नव्हतं, पण खिशात बटणांचा फोन असायचा. खाडीकाठच्या लोकांचे नंबर सरकारने लिहून नेल्यापासून त्यावर वादळवाऱ्याचे इशारे यायला लागले होते. इशारा मराठीत असायचा आणि त्यांच्या जुन्या फोनला मराठी अक्षरं दिसत नसत. सगळी ओळ नुसती चौकटींची. माझाही नंबर त्या यादीत होता आणि माझ्या फोनवर अक्षरं नीट उमटायची. म्हणून चौकटी आल्या की मामा अंगणातूनच हाक मारत, "सूनबाय, बघ गो, काय बोलतंय सरकार?"

मी वाचून दाखवायची. वादळी पाऊस, सोसाट्याचा वारा, पाण्यात जाऊ नये. सुरुवातीला मामा शहाण्यासारखे घरी बसत. एका भाद्रपदात असं तीनदा झालं. तिन्ही वेळा दिवसभर लख्ख ऊन पडलं. सासूबाई बाजारात मासळी विकायच्या. तिसऱ्या वेळी विकायला मासळीच नव्हती म्हणून त्या रिकामी पाटी घेऊन परत आल्या आणि मला म्हणाल्या, "रोजची गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली. तुझा तो फोन चुलीत घाल." त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. ते मला जास्त लागलं.

त्यानंतर आठवड्याभरात पुन्हा मेसेज आला. सकाळची वेळ होती. मी बालवाडीत शिकवायला निघाले होते आणि मामा दारात पाग खांद्यावर टाकत होते. त्यांचा फोन बंद होता. बॅटरी वाचावी म्हणून खाडीत जाताना ते तो बंद ठेवत. मी मेसेज वाचला, आभाळाकडे पाहिलं. एक ढग नव्हता. काही न बोलता फोन पर्समध्ये टाकला.

दुपारी मुलांना खिचडी वाढत असताना खिडकीची दारं आपटली. बघता बघता अंधारून आलं. मुलांना त्यांच्या आयांच्या हाती सोपवून मी खाडीच्या बांधावर धावले. सासूबाई बाजारातून तशाच आल्या होत्या, पदर वाऱ्याने उडत होता. पाणी काळं झालं होतं आणि होडी कुठेच दिसत नव्हती. मी मामांना फोन लावत राहिले. फोन बंद. शेवटी माझ्याच्याने राहवेना.

"आई, सकाळी मेसेज आला होता. मी सांगितलाच नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी माझं मनगट धरलं आणि तसंच धरून ठेवलं. किती वेळ ते सांगता येत नाही. दोघी भिजून चिंब झालो.

वारा पडल्यावर, दिवस कलताना काठच्या तिवरांच्या झाडीकडून मामा चालत आले. कमरेपर्यंत चिखल, हातात पाग नव्हता. होडी तिवरांत अडकवून ते झाडाला धरून बसले होते. पाग वाहून गेला होता. आंघोळ झाली, चहा झाला, तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं.

"का नाय सांगितलंस?"

"तीनदा खोटा निघाला, मामा. तुम्हाला उगाच घरी बसवायचं, ते बरं वाटेना."

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सांगितलं असतंस तरी मी गेलो असतो, आभाळ चांगलं होतं. पन लांब गेलो नसतो. काठाकाठानं राहिलो असतो." आणि मग आवाज अगदी खाली आणून, "तू वाचत जा, बाय. खोटा निघो का खरा. जायाचं का नाय, तेवढं माझ्यावर सोड."

मला रडू आलं, तसे ते गडबडले आणि सासूबाईंना म्हणाले, "हिला पन चहा दे गो."

त्यानंतर मी एकही मेसेज गाळला नाही. पुष्कळ फुकट गेले. एकदा तर पाऊस सुरू होऊन तासभर झाल्यावर इशारा आला, तेव्हा मामा खोखो हसले. कधी ते जात, कधी राहत, कधी लवकर परतत. सासूबाई कुरकुरत, पण मी वाचताना हातातलं काम थांबवत.

पुढच्या पावसाळ्यात मामा एके सकाळी शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन आले. दोघेही खाडीत जाणारे, दोघांच्याही फोनवर चौकटी.

"यांच्या घरी वाचनारं कोनी नाय," मामा म्हणाले. "तू सांग यांना."

मी माझ्या फोनवरून वाचून दाखवलं. दोघांनी शांतपणे ऐकलं. मग एकाने आपला फोन पुढे केला.

"आता माझ्यातला वाच."

"काका, सगळ्यांना एकच येतो."

"असंल. पन माझा माझ्यातनं वाच."

मी त्यांचा फोन हातात घेतला आणि त्या चौकटींवर बोट फिरवत तोच मजकूर पहिल्यापासून वाचला. दुसरे काका आपला फोन पुसत थांबले होते.