आमच्या यानाची पदकं

अंतराळकथांचं वेड असलेल्या आम्हा मंडळींचा ओतूरला एक क्लब आहे. आम्ही स्वतःला एका यानाचं लष्करी पथक म्हणवतो. हुद्दे आहेत, गणवेश आहेत, वर्षातून एकदा पदकंही देतो. यंदा मी ती देत असताना दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले, बहुधा शेजारच्या लग्नाला आलेले. पाठ ताठ, कोटावर खऱ्या फौजी पदकांच्या रंगीत पट्ट्या. मला वाटलं, आता हे आमच्या पोरखेळावरून आम्हाला झापणार!

ते सरळ माझ्यापाशी आले. माझ्या हातातलं पदक घेऊन अंगठ्याने पुसल्यासारखं केलं.

"हे कशापायी?"

"आमच्या लेफ्टनंट बाई आजारी सभासदांना घरी जाऊन पुस्तकं वाचून दाखवतात," मी चाचरत म्हणालो.

"ह्यात कुणी मेलं तर न्हाई ना?"

"नाही हो."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मंग लई झ्याक हाय, भाऊ. आमी पदक घ्यायला गेलो, तवा संगतीचा गडी न्हवता."

पदक परत देऊन ते पहिल्या रांगेत बसले. मी ते मोकळ्या मनाने बाईंच्या गणवेशाला लावलं. पहिली टाळी त्यांनीच वाजवली.