तेल नोहती चोळत मी

मॅनेजरनं लाथ मारून दार उघडलं. भर दुपारी. आमच्या वृद्धाश्रमात साऱ्या दाराइले कड्या बाहेरून हायेत, आतून एकबी नाही. सामानाची खोली रिकामी दिसली म्हनून मी अन् माहा बुढा तिथं गेलो होतो. एका खाटेवर होतो.

"लाज नाही वाटत? नातवंडं खेळवायचं वय तुमचं, अन् हे धंदे?"

आम्हाले तसंच व्हरांड्यात उभं केलं. साऱ्याइले हाका मारून बोलावलं. बुढ्याच्या सदऱ्याची गुंडी लागत नोहती. लोकं हसून राह्यले होते. मी मान खाली घातली. लग्नाचा नवरा माहा, तरी मान खाली. थू त्या लाजेवर!

इथं आलो त्याच दिवशी आम्हाले वेगळं केलं. बुढा पुरुषाइच्या हॉलमधी, मी बायाइच्या. डोनगावात कुडाच्या एका खोलीत सारा संसार झाला, लेकरं झाली, तवा कोनी विचारलं नाही. इथं फरशी भेटली अन् नवरा गेला.

आश्रम शेठचा. शेठ म्हंजे बियान्याच्या दुकानाचा अन् बियानं तयार करायच्या प्लॉटचा मालक. बीटी कपाशी आली तवा यानंच सांगतलं, अळी लागनार नाही. अळी लागली. लोकाइची शेतं गेली, याचा बंगला झाला. मंग पुण्य कमवायची खाज सुटली. ज्याइले बियानं इकलं, त्याइलेच आता वरनभात वाढते. वाढतानी फोटो काढते.

काही दिवसानं नागपूरवरून एक मॅडम आली, आश्रमात काम करनाऱ्या आयाइले शिकवाले. आम्ही बुढेबुढ्या मागं बसलो होतो. आम्हाले ऐकू येत नाही, असंच समजतात हे. मॅडम सरळ बोलली, "माणूस म्हातारा झाला म्हणून शरीराची ओढ संपत नाही. नवरा-बायकोला एकत्र राहू द्या. दार वाजवून आत जात जा." आया पदर तोंडाले लावून खिदळल्या.

शेठ खुर्चीतून म्हने, "मॅडम, आपल्याकडे तसलं काही नाही. इथं सगळे देवाच्या नामात असतात."

मॅनेजरच्यानं राहवलं नाही. "एक जोडी आहे ना, शेठजी!"

साऱ्या माना माह्याकडं. शेठचं तोंड उतरलं. शबाना नावाची आया, पोरगी मायाळू, पटकन उठली. "काही नोहतं हो. आजी बाबाच्या पाठीले तेल चोळून राह्यली होती."

शेठच्या जिवात जीव आला. "तेलच होतं ना, आजी? हो म्हणा, विषय संपला. नाहीतर उद्या बोचकं उचला."

एवढंच. हो म्हनलं की छप्पर, जेवन, औषधं पक्की. शबाना डोळ्यानं विनवत होती. बुढा खाली पाहून सदऱ्याची गुंडी चाचपत होता. लागलेलीच गुंडी. ते पाहून माह्या मस्तकात तिडीक गेली.

उठली मी. "तेल नोहती चोळत. नवऱ्यापाशी निजली होती."

"आजी!"

"काऊन? ऐकवत नाही? तुमच्याच बियान्याच्या प्लॉटवर मी कपाशीचं क्रॉसिंग केलं. नराचं फूल मादीच्या फुलावर घासू घासू बोटं पिवळी झाली. तुम्ही बांधावर उभे राहून वरडत होते, नीट घासा, एक फूल सोडू नका! तवा लाज नोहती. थैल्या भरत होत्या ना!"

मॅडमनं काय केलं, मी पाह्यलं नाही. तिच्यासाठी बोलली नोहती मी.

त्याच सांजी गोधडी उचलून सामानाच्या खोलीत टाकली. बुढ्याले हाताले धरून आनलं. शबानानं गुपचूप एक कडी आनून देली. खिळे मी ठोकले. आतून.

सकाळी मॅनेजर आला. लाथ मारली. दार उघडलं नाही. पुन्हा मारली.

बोचकं मी बांधून ठेवलं हाये, दोघाचं एकच. हाकलायचं असंल तं हाकला, रस्त्यावर निजू, पन सोबत निजू.

खाटेवरूनच म्हनली, "लाथ नाही. हातानं वाजव."