आजीच्या गाण्याचा शेवट

बुधवारी संध्याकाळी ला पुश या समुद्रकाठच्या गावाच्या सभागृहात जेवणं उरकत आली, ढोल सुरू झाले आणि शाळेची मुलं नवं गाणं म्हणायला ओळीने उभी राहिली. पहिल्या ओळीलाच लेओटाचा घास हातात राहिला. गाणं तिच्या आजीचं होतं.

ला पुशच्या मूळनिवासी क्विलायूट लोकांत गाणं घराण्याचं असतं. मालकाने चार माणसांसमोर दिल्याशिवाय ते दुसऱ्याने म्हणायचं नाही. सभागृहातली जुनी माणसं खाली मान घालून आपापल्या ताटाकडे बघत राहिली. शेजारी बसलेला म्हातारा क्लिफर्ड तेवढा हळूच म्हणाला, "लेओटा, तुझ्या घरी चोरी झाली गं. आणि चोरांचे पुढचे दात अजून यायचेत."

गाणं अर्ध्यावर असतानाच लेओटा उठून घरी गेली.

तिला आजीने वाढवलं होतं. शाळेत इंग्रजीखेरीज बोललेलं चालत नसे, त्यामुळे आपली भाषा तिच्यासाठी आजीच्या स्वयंपाकघरापुरती उरली, आणि आजी गेल्यावर तिथलीही सरली. पुढे लेओटाने जन्मभर शाळेच्याच स्वयंपाकघरात काम केलं. मूलबाळ नव्हतं. भाऊ वारला तेव्हा तिने टॅकोमातल्या भाच्याला गाणं देऊ केलं होतं. तो टायरच्या दुकानात काम करायचा. "मी ते घेऊन काय करू, आत्या?" तो म्हणाला. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता. मग लेओटाने ठरवून टाकलं, गाणं आपल्याबरोबर मातीत जाईल. बेवारशी फिरण्यापेक्षा ते बरं.

आणि आता ते फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत गेली. भाषा शिकवणारी शेल्बी इथलीच, पण सिअ‍ॅटलमध्ये वाढलेली. गाणं कुणाचं ते ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला. कुणा विद्यापीठवाल्याने फार पूर्वी इथे येऊन केलेल्या ध्वनिफितींत ते तिला सापडलं होतं. फितीवर गाणारीचं नाव नव्हतं. "मी विचारायला हवं होतं, मावशी," ती म्हणाली.

"विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं."

"मग आज सांगा. मुलांना मी थांबवते. फीत तुम्ही घेऊन जा."

लेओटा हो म्हणायलाच आली होती. पण फीत न्यायची तर ती आजीचीच आहे ना, एवढं तरी ऐकावं, म्हणून ती खुर्चीवर बसली.

आधी खोकला आला, मग शेगडीचं दार आपटल्याचा आवाज, मग आजी. वसंतात स्मेल्ट मासळी किनाऱ्याला लागली की आजी गुडघाभर पाण्यात उभी राहून हे गाणं म्हणायची. लाट फुटली की जाळं खाली, लाट मागे सरली की वर. बोटाएवढी रुपेरी मासळी जाळ्यात उड्या मारायची. फितीबरोबर लेओटाचे ओठ हलत होते. तिला येणाऱ्या ओळी संपल्या तसे ते थांबले, पण आजी थांबली नाही. चाल संथ झाली आणि कधी न ऐकलेल्या ओळी आल्या: जाळं जड आहे, पाय ओले आहेत, थोडी मासळी पक्ष्यांना राहू दे, घर जवळ आलं.

"पुन्हा लाव," लेओटा म्हणाली.

दुसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं. हा भाग आजी घरी परतताना म्हणत असणार. आणि परतताना लहानगी लेओटा कधीच आजीजवळ नसायची. बादली घेऊन ती पुढे धावत सुटायची. जे गाणं जन्मभर कुलपात ठेवलं, ते तिच्यापाशी पुरतं नव्हतंच. शेवट मुलांना येत होता, तिला नाही.

फीत तिथेच ठेवून ती घरी गेली.

पंधरवड्याने लेओटाने सभागृहात जेवण घातलं. जेवणं झाल्यावर ती उठली, क्लिफर्डला आणि आणखी तिघा वयस्करांना साक्षीला पुढे बोलावलं आणि आजीचं नाव मोठ्याने घेतलं. "हे गाणं तिचं. तिच्यानंतर माझं. आज मी ते ला पुशच्या पाण्यात जाळं घेऊन उतरणाऱ्या प्रत्येकाला देते. गाण्याआधी तिचं नाव घ्यायचं. आणि खुर्चीत बसून म्हणायचं नाही."

साक्ष लक्षात राहावी म्हणून प्रत्येक साक्षीदाराला तिने धुरावलेल्या माशांची बरणी आणि नवा टॉवेल दिला. क्लिफर्डने बरणी उजेडात धरून पाहिली. "माझ्या स्मरणशक्तीला एक बरणी पुरायची नाही," तो म्हणाला. लेओटाने दुसरी पुढे सरकवली.

स्मेल्ट आली तेव्हा शेल्बी मुलांना आणि लेओटाला घेऊन किनाऱ्यावर उतरली. मुलांनी आधी आजीचं नाव घेतलं. लाटेबरोबर गाण्याला आपोआप वेग आला, दोघंतिघं पडली, उठली, पुन्हा गाऊ लागली. बादल्या भरल्यावर सगळी घराकडे वळली आणि चाल संथ झाली. एक मुलगी बादली घेऊन पुढे धावायला निघाली. लेओटाने तिची बाही धरली.

"थांब," ती म्हणाली, "अजून संपलं नाही."

मग तिचा हात धरून लेओटा मुलांच्या मागोमाग चालत राहिली आणि न येणाऱ्या ओळी त्यांच्याकडून उचलत गेली.