एकशे अठरावा जॉइंट

जेवणाच्या सुट्टीत साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये मी रजिस्टरवरच डोकं टेकते. दोनला माझी सही झाली की सलाइनच्या प्लांटची पाइपलाइन सुरू होणार. पंखा घरघरतो, अक्षरं पुसट होत जातात, आणि समोरच्या खुर्चीत गावसकाका बसलेले असतात. आमचे सगळ्यात जुने वेल्डर. जाऊन तीन महिने झाले. छातीत कळ आली ती साइटवरच. त्या दिवशीचा त्यांचा शेवटचा जॉइंट मीच पास केला होता, आत कॅमेरा न घालता. काकांचं काम तपासायचं म्हणजे नैवेद्य उष्टा करून बघण्यासारखं वाटायचं मला.

आज ते चिडवत नाहीत, चहाही मागत नाहीत. नुसते उठतात. मी मागोमाग जाते. केबिनचं दार उघडतं ते थेट पाइपातच. चहूकडे गुळगुळीत स्टील, पाय घसरतात. इतकं स्वच्छ की भीतीच वाटते.

वेल्डिंगच्या एका शिवणीपाशी ते थांबतात. तिचा नंबर मला पाठ आहे: एकशे अठरा, त्यांचा शेवटचा जॉइंट. ते मला हात लावायला सांगतात. करपलेल्या साखरेसारखं खडबडीत लागतं. वेल्डिंग करताना पाइपात आर्गन वायू नसला की जॉइंट आतून असाच जळतो. बाहेरून चकाचक, आत मात्र जंतूंना बसायला जागा.

"त्या दिवशी छातीत दुखत होता गो," काका म्हणतात. "ग्यास संपलो ता माका कळला, तरी मी शिवण मारलंय."

पाइप संपतो तिथे वॉर्ड आहे. खाटेवर एक बाळंतीण झोपलीय, हाताला सलाइन. थेंब पडतो. आणखी एक. मी बंद करायला धावते, नळीवरचं चाक फिरतच नाही.

मी रडकुंडीला येते. काकांना सांगते की नव्या पोरांना आम्ही तुमचेच जॉइंट दाखवून शिकवतो, हा कापला तर लोक काय म्हणतील? खरं तर मी माझ्याच सहीला घाबरलेय.

"माझ्या नावाचा काय व्हायचा ता होवंदे," ते म्हणतात. "तू काप."

जाग येते. दोनला पाच कमी. माझ्या बोटाच्या टोकाला काळी पूड लागलीय, रजिस्टरच्या पानावर तिचा ठसा उमटलाय. ओढणीने पुसते, जात नाही.

मी फिटरला फोन लावते. सही नंतर, आधी एकशे अठरा कापा. तो विचारतो, कुणाचा जॉइंट आहे तो?

"गावसकाकांचा," मी सांगते. "पण न बघता पास मी केलाय. तसंच लिहा."