आबांची पहिली किक

आबा फिटर इंजिन बांधायला बसले की आधी चपला काढून बाजूला ठेवत. आम्ही थट्टा करायचो, "आबा, पूजेला बसलात का?" ते मान वर न करता म्हणायचे, "पडल्याला नट डोळ्याआधी पायाला घावतो. तुमी घाला की बूट, आन् बसा हुडकत." आणि खरंच, रॉकेल-ग्रीसने काळ्या झालेल्या फरशीवरून ते पायाच्या बोटांत वॉशर धरून उचलत.

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात आम्ही होतो. पन्नास सालानंतरचे ते दिवस. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेल्या फटफट्या कारखान्याने ऊस पाहत हिंडणाऱ्या ओव्हरसियर मंडळींसाठी घेतल्या होत्या. गाळपाच्या दिवसांत त्या कालव्याच्या भरावावरून आणि बांधांवरून इतक्या बदडल्या जात, की हंगाम बंद झाला की सगळ्यांची इंजिनं खोलावी लागत. वर पत्रा, बाहेर वैशाख. मी लेथवर, शेजारच्या बाकावर आबा. दुपारी आम्ही अगदी गळून जायचो. आबाही दमत, पण त्यांची घाई कधी दिसली नाही. एकेक भाग रॉकेलात धुवायचा, पुसायचा, तेलाचं बोट लावायचं आणि मगच बसवायचा. पिस्टन सिलिंडरमध्ये उतरवताना ते श्वास धरून ठेवत. "रिंग मोडली तर लई बारीक आवाज येतो," म्हणत. मग मीही लेथ बंद करायचो. तेवढीच विश्रांती.

त्यांचा एक नियम होता. इंजिन ज्याने बांधलं, पहिली किक त्यानेच मारायची. जोडणीत चूक राहिली तर त्या फटफट्यांची किक उलटी येई आणि नडगीवर अशी बसे, की माणूस आठवडाभर लंगडायचा. आबा म्हणत, "आपल्या हातची चूक आपल्याच नडगीवर बसूंद्या. दुसऱ्याचा पाय कशाला?" हळूहळू सगळ्या वर्कशॉपने तो नियम मानला.

पुढे त्यांचा उजवा गुडघा गेला. आधी ते ओठ चावून किक मारत, मग हँडलला लटकून मारू लागले. किक मारता येईना म्हणजे आबांच्या हिशेबी फिटरकी संपली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्या बाकाशिवाय या माणसाचं काय होईल, याची मला धास्ती वाटायची.

बाबू नावाचा दुसरा फिटर त्यांच्यावर फार जीव टाकायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत आबा क्वार्टरवर गेले असताना त्याने त्यांनी बांधलेल्या इंजिनाचं हेड खोललं आणि खाली एक जादा पॅकिंग घातलं. त्याने आतला दाब कमी होतो आणि किक मारायला हलकी जाते. आबा परत आले, त्यांनी किक मारली आणि इंजिन लगेच सुरू झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. आबांनी इंजिन बंद केलं. पायाने किक पुन्हा सावकाश दाबून पाहिली.

"हे मी बांधल्यालं न्हाय," ते म्हणाले.

त्यांनी हेड उतरवलं, जादा पॅकिंग काढून बाकावर ठेवलं आणि बाबूकडे पाहिलं. "अरं, ही फटफटी भरावावर चढंल का? सायबाला ढकलत न्यावी लागंल की." आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. हेड पुन्हा बसवून ते किकवर उभे राहिले. गुडघा दुमडला. परत उभे राहिले. किक जागची हलेना. सगळ्यांनी मशिनं थांबवली होती आणि आम्ही खुळ्यासारखे बघत होतो.

"बाबूराव," आबा म्हणाले, "तुमी मारा."

एरवी त्याला ते 'बाब्या' म्हणत. बाबूने रडत रडत किक मारली.

फोरमनसाहेबांनी खूप समजावलं. "आबा, तुम्ही नुसतं बांधा, किक पोरं मारतील." आबा म्हणाले, "मग माजं चुकतंय का न्हाय, ते मला कळावं कसं सायेब?" महिना संपला तसं त्यांनी क्वार्टर सोडलं आणि काकूंना घेऊन कऱ्हाटीला, आपल्या गावी गेले.

बऱ्याच काळाने मी बारामतीला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम कऱ्हाटीला उतरलो. आबा मळ्यात होते. वांग्यांना पाणी द्यायचं होतं. विहिरीवर तेलाचं इंजिन होतं, अर्थातच आबांनी स्वतः बांधलेलं. काकूंनी पदर खोचला, हँडल धरलं आणि गरागरा फिरवलं. आबांनी दाब मोकळा ठेवणारी वरची कळ सोडली. इंजिन धूर टाकत सुरू झालं.

"आबा, आणि पहिली किक?" मी हसत विचारलं.

"हिच्यापुढं कसली लाज रं?" ते सहज म्हणाले आणि पाटाकडे वळले.

मी तिथेच उभा राहिलो. वर्षानुवर्षं एका पत्र्याखाली घाम गाळून आम्ही समजत होतो, की आबा आमचे आहेत. त्यांना मात्र आमच्यापुढे लाज वाटत होती. आम्ही कुणीही त्यांच्यासाठी जन्मभर किका मारल्या असत्या.