भाऊ लाइन तपासत राहिला

देवाजीचा फोन आला तेव्हा मी शाळेत जायला निघालेच होते. देवाजी म्हणजे आंबेबोडीतला माझ्या भावाचा शेजारी. "बाई, मधूभाऊ उठून नाई राह्यला," एवढंच तो म्हणाला. मी शाळेऐवजी आंबेबोडीच्या जीपकडे वळले. ब्रह्मपुरीच्या चौकात जीप भरेपर्यंत थांबावंच लागतं. ड्रायव्हर आणखी एका सवारीसाठी ओरडत होता आणि मी मागच्या सीटवर बसून मोबाइलमध्ये भाऊचा मेल आलाय का ते बघत होते. माणूस गेल्याचं कानांनी ऐकलेलं असतं, बोटांना ते कळायला वेळ लागतो. त्याला आता दीड महिना होऊन गेला.

मधूभाऊ टेलिफोन खात्यात लाइनमन होता. जंगलातून गेलेल्या तारा, झाड पडून वाकलेले खांब, यातच त्याची नोकरी सरली, आणि त्या नोकरीने त्याला एकच तत्त्वज्ञान दिलं. फोन लागत नसेल तर आधी लाइन तपासायची, माणसावर शंका घ्यायची नाही. "माणूस खोटा नसते शोभा, लाइन खराब असते," असं तो सारखा म्हणायचा. माझ्या लग्नाच्या वेळी एक स्थळ मला पाहून गेलं आणि महिना झाला तरी त्यांच्याकडून काही कळेना, तेव्हा हा गडी त्यांच्या गावापर्यंतची लाइन तपासून आला होता. लाइन उत्तम होती. त्यांना मी पसंत नव्हते, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. भाऊला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या गावचं धान तलावाच्या पाण्यावर येतं. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, दरवर्षी दुरुस्त करावी लागते, कारण खेकडे ती आतून पोखरतात. अक्षय तृतीयेनंतरच्या रविवारी प्रत्येक घरातून एक माणूस फावडं घेऊन पाळीवर जायचा. हा रिवाज. कोणी बोलवायचं नाही, कोणी मोजायचं नाही. पण घरं रिकामी होत गेली. पोरं नागपूरला, पुण्याला, हैदराबादला लागली. जमिनी राहिल्या, हात गेले. निवृत्त झाल्यावर भाऊने मनावर घेतलं की बाहेर गेलेल्यांना बोलवायचं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर त्याने एकदा पाळीचा विषय काढला, तर त्याखाली गुलाबाची फुलं आणि सुप्रभात येऊन पडलं. मग त्याने गावाच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता घेतला, धानाच्या पोत्यांच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर बसवला आणि मेलचं स्वतःचं यंत्र उभं केलं. प्रत्येक घराला आंबेबोडीच्या नावाचा एकेक पत्ता दिला; त्यावर धाडलेलं ज्याच्या त्याच्या नेहमीच्या मेलवर जायचं. "घर सुटलं तरी पत्ता सुटू नये," म्हणाला. मी हसले होते. पण माझा पत्ता मी घेतला.

मेल यंत्रातून सुटायचा, पण पोचायचा नाही. भाऊ मेल धाडायचा आणि लगेच मला फोन करून विचारायचा, "आला का?" मी शोधायची. तो स्पॅममध्ये, बक्षिसांच्या आणि बाबाबुवांच्या मेलांमध्ये पडलेला असायचा. मोठ्या कंपन्यांची यंत्रं म्हणे अनोळख्या यंत्राला दारातच अडवतात. ती विचारतात, तू स्वतःचं नाव सांगतोस ते खरं, पण तुझ्या इंटरनेटवरच्या नंबरावरून उलटं शोधलं तर तेच नाव निघतं का? ती उलटी नोंद इंटरनेट देणाऱ्यानेच करायची असते. भाऊ त्यासाठी चंद्रपूरला खेटे घालत राहिला. तिथला पोरगा म्हणायचा, "काका, फुकटचा मेल भेटते ना, हे काऊन करून राह्यले?" मोठ्या मुश्किलीने नोंद झाली, तर कळलं की तो नंबर आधी कोणा फसव्या माणसाकडे होता आणि काळ्या यादीत आहे. आधीच्या भाडेकरूच्या भांडणासाठी नव्याचं दार वाजावं तसं झालं. भाऊने अर्ज केले, मेल आपल्याच यंत्राचा आहे अशी सही त्यावर चढवली, पुन्हा अर्ज केले... यात वर्षं गेली. पाळीवर दर उन्हाळ्यात तेच चार-पाच म्हातारे असायचे आणि भाऊ म्हणायचा, "पोचलंच नाई तं येतीन कसे?"

गेल्या उन्हाळ्यात ते साधलं. मेल माझ्याकडे थेट इनबॉक्समध्ये आला. सगळ्यांच्या यंत्रांनी मेल घेतल्याची नोंद त्याने मला फोनवर वाचून दाखवली, एकेक नाव घेऊन. इतकं आनंदलेलं मी त्याला वहिनी गेल्यापासून ऐकलं नव्हतं. पाळीच्या रविवारी मी मुद्दाम गेले. भाऊने शेजारून फावडी मागून आणली होती, पितळेचा मोठा गंज भरून अंबाडीचं सरबत केलं होतं. ऊन चढलं. देवाजी आला, आणखी तीन म्हातारे आले. रस्त्यावर धूळ उडाली की भाऊ मान वर करायचा. दुपारी तो पाळीवरून उतरला आणि सरबत गाईच्या घमेल्यात ओतलं. "लाइन तं साफ होती ना गं," इतकंच म्हणाला. मागून आणलेली फावडी मी परत द्यायला उचलली.

त्यानंतर त्याचा मेल आला नाही. धान फुलोऱ्यावर असताना पाळ फुटली आणि तलाव एका रात्रीत नाल्याला गेला. बांध्यांतलं उभं धान वाळलं. भाऊ ओसरीवर बसायचा, जेवायचा, विचारलं तर बरा आहे म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल.

तेरवीचं मी त्याच्याच यंत्रावरून कळवलं. आणि तेरवीला गाड्याच गाड्या आल्या. हैदराबादची मंडळी आली, पुण्याहून आमचा चुलतभाऊ विलास आला. पंगती उठल्या. भाऊसारखा माणूस होणे नाही, असं सगळे म्हणाले. फुटलेली पाळ मांडवातूनच दिसत होती. मी विलासला सहज म्हटलं, भाऊला गेल्या उन्हाळ्यापर्यंत वाटायचं की त्याचे मेल तुम्हाला मिळतच नव्हते.

"मिळत होते ना," विलास म्हणाला. "पहिल्या वर्षापासून. आधी स्पॅममधी पडत, तं मी तिथून काढून वाचत होतो. चांगलं लिवत होता मधूभाऊ. पण एका दिवसाच्या मातीसाठी पुण्याहून कोन येते, बाई?"

शेजारी बसलेल्या दोघातिघांनी माना हलवल्या. त्यांनीही वाचले होते. विलास वाईट माणूस नाही, ताट उचलायलाही तोच पुढे होता. पण त्या क्षणी भाऊ गेला याचं मला बरं वाटलं. सख्ख्या भावाबद्दल असं लिहिताना लाज वाटते, तरी वाटलं ते खरं.

त्याच्या खोलीतलं यंत्र मी अजून बंद केलेलं नाही. त्याचा पंखा घरघरतो, उंदरांनी पोती फोडलीत, खुर्चीवर त्याचा दुपट्टा तसाच आहे. परवा तिथेच बसले असताना एक मेल आला. विलासचा. भाऊ आता नाहीत, तेव्हा पाळीच्या मेलांमधून आमचं नाव काढून टाकावं, अशी नम्र विनंती होती. इतक्या वर्षांत आंबेबोडीच्या पत्त्यावर त्याने लिहिलेला हा पहिला मेल. कुठेही न अडता पोचला.