वरून टाकलेलं पदक

पदक वरून टाकलं. दिलं न्हाय, टाकलं. सभेच्या अध्यक्षांनी, वकीलसाहेबांनी, हात वर धरला, मी खाली ओंजळ केली, अन् ते चांदीचं पदक वीतभर उंचीवरून माझ्या हातात पडलं. टाळ्या झाल्या. ओंजळ कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. सवयच ती. गावात पाणी असंच मिळायचं, आडाच्या कट्ट्याखाली बसून, कुणाला दया आली तर.

धाराशिवच्या शाळेत सभा होती. राज्य निजामाचं. आमचे प्रोफेसरसाहेब हैदराबादला जन्मभर जंतुशास्त्र शिकवून निवृत्त झाले अन् धाराशिवला, आपल्या गावी परत आले. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या नावानं इनाम काढलं, बी.एस्सी.च्या पुढं शिकून संशोधन करणाऱ्या पोरांसाठी. पहिलंच इनाम, अन् ते मला. परंड्याकडच्या महारवाड्यातल्या पोराला.

माझं काम पाण्यातल्या पटकीच्या, म्हंजी कॉलऱ्याच्या, जंतूंवर होतं. दुसरं कशावर करणार? धाकटी बहीण पटकीनंच गेली. आमी नदीच्या वाळूत झिरा उकरून पाणी भरायचो. तिथंच गुरं बसायची. आई जन्मभर त्या झिऱ्याला शिव्या देत राहिली, आडवाल्यांना कधी न्हाय.

वकीलसाहेब सभेला म्हणाले, "काम उत्तम आहे. फक्त यांच्या स्वतःच्याच गावचा आड तेवढा राहून गेला. आळस, दुसरं काय!"

लोक हसले. मला राग यायला पायजे होता. पर राग यायलाबी ताकद लागती, अन् मी लई थकलो होतो.

आड राहिला नव्हता. मी गेलो होतो. नमुना घ्यायची रीत असती. बाटली उकळून घ्यायची, दोरीनं पाण्यात सोडायची, पाण्याखाली गेल्यावरच दुसऱ्या दोरीनं बूच ओढायचं. मधी कुणाचा हात लागता कामा नये, कुणाची घागर न्हाय. पाटील म्हणला, "बाटली खाली ठिव. आमची बाई वरून वतंल."

"पाटील, मग त्यो घागरीचा नमुना व्हईल. आडाचा न्हाय."

"तुजी बाटली आत गेली तर आड इटाळंल."

उकळून काढलेल्या बाटलीनं आड इटाळतो! अन् इटाळ काढायला त्यात गोमूत्र ओततात. मी तसाच मोकळ्या हातानं परत फिरलो.

प्रोफेसरसाहेबांना हे सगळं ठाऊक होतं. हैदराबादला त्यांनी मला आपल्या सुरईतलं पाणी आपल्याच पेल्यातून पाजलं होतं. त्या एका पेल्यावर मी इतकी वर्षं काढली. मी त्यांच्याकडं बघितलं. ते शेरवानीच्या गुंड्यांशी चाळा करत बसले होते. मग हळूच म्हणाले, "जाने देव बेटा. आजचा दिवस जाऊ दे."

भला माणूस. पर आता ह्या गावात राहायचं होतं त्यांना. त्यांचा मला आजबी राग येत न्हाय, वाईट वाटतं. राग आला तो माझ्या ओंजळीचा. हैदराबादला जाऊन एवढं शिकलो, अन् हात आपसूक जुळले.

पदक मी टेबलावर ठेवलं.

"आळस न्हाय, साहेब. मला आडाला हात लावू दिला न्हाय. त्यो नमुना मी माझ्या हातानं घेईन, मग हे द्या. हातात द्या."

कुणी हसलं न्हाय. प्रोफेसरसाहेबांनी मान वर केली न्हाय. मी बाहेर पडलो.

गावाकडं घरी पोचलो तर आई दारातच उभी होती. "इनाम कुठाय?"

"ठिवून आलो."

"अरं येड्या! लई हौस व्हती रं मला बघायची." ती मटकन खाली बसली अन् रडायला लागली. मी चूल पेटवली, पाणी ठेवलं, त्यात बाटली सोडली.

"आता हे काय?"

"आडावर जातो."

"मारतील तुला."

"व्हय. मारतील."

बाटली फोडतील. मी दुसरी उकळीन. ओंजळ मात्र पुन्हा करायची न्हाय.